‘व्हील नाही, फील नाही’ म्हणणाऱ्या दादांना आमचं उत्तर

नमस्कार दादा, आमच्या गेमिंग कॅफेचा तुम्ही लिहिलेला रिव्ह्यू वाचला. दोन स्टार दिलेत आणि तेही फक्त एसीसाठी असं लिहिलंय, चालतंय की, सोलापूरच्या मे महिन्यात एसीला दोन स्टार मिळाले म्हणजे मान आहे तो. बाकी तुमचं म्हणणं असं, की बोर्डावर ‘रेसिंग झोन’ लिहिलंय आणि आत एकपण स्टिअरिंग व्हील नाही, पॅडवर, म्हणजे हातात धरायच्या गेम कंट्रोलरवर, जरा अंगठा लावला की गेममधली गाडी थेट भिंतीत, खरी गाडी अशी चालतच नाही, सगळा खेळण्यातला कारभार, पैसे परत द्या. असं वाटणारे तुम्ही एकटे नाही, काउंटरवर रोज कोणीतरी विचारतंच, म्हणून जरा लांबलचक लिहितोय, वेळ काढून वाचा.

आधी व्हीलचं. आमच्याकडं व्हील नाही आणि आहे असं बोर्डावर पण कुठं लिहिलेलं नाही. लॉजिटेकचं जी २९ हे गेमचं व्हील घ्या, ते ९०० अंश फिरतं म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत अडीच फेरे, त्याला टेबल हलता कामा नये, पेडल पायाखालनं सरकता कामा नये, सीट प्रत्येकाच्या उंचीला जुळवायला लागते. आणि आमच्याकडं गिऱ्हाईक येतं तासावर, आत्ता सहा फुटी कॉलेजचा पोरगा बसलाय तर त्याच्यानंतर आठवीतलं पोरगं येतंय, निम्मा तास सीट जुळवण्यातच जाईल आणि मग तुम्हीच लिहिणार की टायमिंगमध्ये लुटतात. सातवीतली, क्लच-ब्रेक न कळणारी पोरं तर पेडलवर उभीच राहतील ओ, खोटं नाही सांगत. त्यामुळं व्हील सध्या तरी नाही.

आता भिंतीत जायचं कारण. खऱ्या गाडीत स्टिअरिंग साधारण १५ अंश फिरवलं तर पुढचं चाक १ अंश वळतं, गाडीगणिक थोडं कमीजास्त. पुणे रोडला शंभरच्या स्पीडला एखादं लांब वळण घेताना हात किती फिरतो आठवून बघा, दहा-वीस अंश, बास. आणि पॅडवर? अंगठ्याखालची छोटी दांडी, म्हणजे स्टिक, मधनं कडेपर्यंत जेमतेम सेंटिमीटरभर जाते आणि तेवढ्यात गेमला एका बाजूचे सगळे ४५० अंश बसवायचे असतात. तुम्ही तिसऱ्या सीटवर होता, काउंटरवरनं सरळ दिसतं तिथलं, वळण आलं की स्टिक पूर्ण डावीकडं, गाडी जास्त वळली की पूर्ण उजवीकडं, लिफ्टचं बटण दाबल्यासारखं. शंभरच्या स्पीडला खऱ्या गाडीत कोणी स्टिअरिंग पार टोकापर्यंत फिरवलं तर ती पण कुठं सरळ जाणार आहे.

गेम बनवणाऱ्यांना हे माहिती असतं म्हणून ते मधे बरीच मदत घालून ठेवतात. स्पीड वाढला की स्टिकनं चाक कमी वळतं, ही एक. अंगठा झटक्यात कडेला नेला तरी गेममधलं चाक हळूहळूच तिकडं जातं, ही दुसरी. फोर्झा होरायझन ५ या रेसिंग गेममध्ये तुम्ही आल्या आल्या सेटिंगमध्ये जाऊन स्टिअरिंग ‘सिम्युलेशन’वर टाकलं, आमचा पोरगा नको म्हणत होता, तरी टाकलं. नाव ऐकून सगळ्यांनाच वाटतं की हेच खरं, पण त्यात गेमची ही मदतच कमी होते, हातात व्हील असेल तर ठीक, पॅडवर नवीन माणसाला गाडी मागनं सुटलेली कळायच्या आत ती उलटी तोंड करून उभी असते. आम्ही प्रत्येक सीटवर साधं स्टिअरिंग लावून ठेवतो ते तुम्हाला लहान पोरगं समजून नाही.

खरी मजा कर्व्हमध्ये आहे, म्हणजे अंगठा किती गेला की स्टिअरिंग किती फिरायचं त्या हिशोबात, आणि माझं सगळ्यात जास्त डोकं तिथंच गेलंय. असेटो कोर्सा नावाचा गेम आहे, २०१४ चा, दिसायला जुना झाला पण गाडीचा हिशोब एक नंबर. त्यात पॅडसाठी ‘स्टिअरिंग गॅमा’ म्हणून एक आकडा असतो. तो १ ठेवला तर अंगठा अर्धा गेला की स्टिअरिंग पण अर्धं. तोच २ केला तर अर्ध्या अंगठ्याला पावच स्टिअरिंग मिळतं आणि पाव अंगठ्याला सोळावा भाग. म्हणजे मधल्या भागात अंगठ्याला भरपूर जागा मिळते, हायवेवर लेन बदलायची तर गाडी शांतपणे सरकते, आणि घाटातलं वळण आलं तर कडेला पूर्ण स्टिअरिंग शिल्लक असतंच. आमच्या पीसीवर हा आकडा २ च्या वर ठेवलाय, फिल्टर, म्हणजे अंगठ्याचा झटका मऊ करणारी सेटिंग, थोडा आणि डेडझोन अगदी कमी. डेडझोन म्हणजे मधली मेलेली जागा, जिथं स्टिक हलली तरी गेम लक्ष देत नाही. पॅड जुना झाला की स्टिकच्या आतला कार्बनचा पट्टा घासतो, गाडी आपोआप एका बाजूला ओढायला लागते, मग लोक डेडझोन वाढवतात आणि सरळ रस्त्यावर गाडी आधी ऐकतच नाही, मग एकदम ऐकते. आम्ही तसले पॅड सरळ बाजूला काढतो आणि आता नवीन घेताना हॉल इफेक्ट स्टिकवालेच घेतोय, त्यात चुंबक असतो, घासायला काही नसतं.

व्हीलची एक गोष्ट मात्र पॅडला येत नाही, ती मान्य करायलाच लागते. खऱ्या गाडीत वळणावर टायर स्टिअरिंगला परत सरळ करायला ढकलत असतो, ते वजन हाताला लागतं, आणि टायरची पकड संपायच्या जरा आधीच ते वजन हलकं होतं. ड्रायव्हरला तिथंच कळतं की आता पुढं जायचं नाही. चांगलं व्हील हेच मोटर लावून हाताला देतं. पॅडमध्ये ती मोटर नाही, नुसता थरथराट आहे, मग ती खबर घ्यायची कुठनं? कानानं. टायरचा आवाज चालू झाला, बारीक कुंईं असा, की समजायचं पुढचं टायर काठावर आलंय, त्याच्यापुढं स्टिक दाबून गाडी जास्त वळत नाही, उलट नाक सरळ जातं, कारण टायरची पकड ठराविक कोनापर्यंतच वाढते आणि नंतर कमी होते. तिथं अंगठा थोडा मागं घ्यायचा. नवीन माणूस नेमकं उलटं करतो, गाडी वळत नाही म्हणून अजून दाबतो. तुमचा हेडफोन गळ्यात होता दादा, अख्खा तास. गाणी लावायला मनाई नाही पण मग टायर काय म्हणतोय ते कसं कळणार.

अजून एक, हे आमच्याकडं येणाऱ्या एका ट्रकवाल्या काकांकडनं शिकलो, ते युरो ट्रक सिम्युलेटर २ खेळायला येतात, दिवसभर ट्रक चालवून संध्याकाळी परत ट्रकच, काय बोलायचं आता. ते स्टिक डावी-उजवी ढकलत नाहीत. स्टिक वरच्या कडेला टेकवतात आणि मग त्या गोल कडेवरनं अंगठा डावीकडं उजवीकडं फिरवतात. गेम फक्त आडवी हालचाल मोजतो, त्यामुळं चालतंय, आणि अंगठ्याला टेकायला कड मिळते, रस्ता पण लांबतो, म्हणून थरथर बंद होते. सुरुवातीला मला पण हसू आलं होतं, आता मी स्वतः तसंच चालवतो. फक्त अंगठा कोरडा पाहिजे, म्हणूनच सीटवर चिप्स आणि शेंगा चटणीचं पार्सल उघडू देत नाही, त्यावर पण तुम्ही एक ओळ लिहिलीय ती वाचली.

प्लेस्टेशनवर ग्रॅन टुरिस्मो ७ आहे, त्यात पॅडच तिरका करून गाडी वळवता येते, मोशन सेन्सर चालू करायचा. दोन्ही हातांनी धरून हळूहळू तिरका केला की अंगठ्यापेक्षा कितीतरी जास्त जागा मिळते, आणि ब्रेकचा ट्रिगर बोटाला उलटा जोर लावतो, एबीएस लागलं की बोटाखाली धडधडतो. ज्यांनी मोबाईलवर इंडोनेशियाच्या बस गेममध्ये लालपरीची स्किन टाकून मोबाईल तिरका करत बस चालवलीय त्यांना हे पाच मिनिटात जमतं, मोठ्यांना जरा लाज वाटते एवढंच. हे तुम्हाला विचारलं होतं, तुम्ही नको म्हणालात.

कॅमेऱ्याचं पण बघा एकदा. गाडीच्या मागनं बघत चालवलं की कॅमेरा गाडीच्या मागोमाग उशिरा वळतो, गाडी सुटलेली उशिरा दिसते. बॉनेटवरचा कॅमेरा लावा, नाक कुठं चाललंय ते लगेच कळतं. टीव्ही सगळे गेम मोडवर आहेत, म्हणजे चित्र उशिरा येत नाही, आणि पॅड वायरवर, त्यामुळं ‘स्टिअरिंग उशिरा लागतं’ हे मला पटलेलं नाही, मोड बंद असता तर तुमच्या शेजारच्या सीटवाल्यानं पहिली बोंब मारली असती.

खुर्ची करकरते हे बरोबर, बदलायला सांगितलीय. पार्किंगचं आमच्या हातात नाही, नवी पेठेत पार्किंग कोणाच्याच हातात नाही.

पैसे परत मिळणार नाहीत, तासभर खेळलात, वर दहा मिनिटं जास्त बसलात ती पण लावली नाहीत. पण रविवार आणि गड्डा यात्रेचे दिवस सोडून कधी पण दुपारी बाराच्या आत या, अर्धा तास माझ्याकडनं, मी स्वतः शेजारी बसतो. तीच गाडी, तोच ट्रॅक, तोच पॅड, फक्त सेटिंग आमची आणि हेडफोन कानावर. त्यानंतर पण गाडी भिंतीत गेली तर दोनचा एक स्टार करा, मी काही बोलणार नाही. आणि ‘सिम्युलेशनच खरं’ म्हणणारे कोणी मित्र असतील तर येताना त्यांना पण आणा, त्यांचा अर्धा तास मात्र नेहमीच्या रेटनं.