"मेटल बेलो टाका, लीकेज विसरा" म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

आमच्या हिकडं बेळगाव, चिकोडी, निपाणी पट्ट्यात मेंटेनन्सवाल्यांच्या फोनवर एक मेसेज लई फिरतोय, आणि फोरमनपासून परचेसपर्यंत सगळे तो खरा धरून चाललेत. त्यात थोडक्यात असं लिहिलंय: पंप कुठलाही असो, मेटल बेलो मेकॅनिकल सील (शाफ्ट पंपाबाहेर येतो तिथली गळती अडवणारा भाग) टाका आणि लीकेज विसरा. ४०० डिग्री सोसतो, ओ-रिंग नसल्यामुळं कुठलंही केमिकल चालतं, स्प्रिंग नसल्यामुळं चोकअप नाही, ड्राय रन झाला, म्हणजे पंप कोरडा फिरला, तरी काही होत नाही, फ्लशिंग, म्हणजे सीलपाशी स्वच्छ किंवा गार पाणी सोडणं, लागत नाही, आणि एकदा घातला की पाच वर्षं बघायला नको.

यातलं सगळंच खोटं असतं तर कुणी ऐकलंच नसतं. अर्धं खरं आहे म्हणून माणूस पुढचं तपासत नाही आणि सीलची ऑर्डर निघते. मग साखर कारखान्यात सिरपच्या, म्हणजे आटवलेल्या उसाच्या रसाच्या, पंपावर तो महागडा सील हंगामाच्या पहिल्या आठवड्यात फुटतो आणि बोलणी खातो तो फिटर, ज्याला निवडताना कुणी विचारलेलंही नसतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी बेलो म्हणजे नेमकं काय ते बघू. सीलमध्ये एक फिरती आणि एक स्थिर अशा दोन सपाट कड्या एकमेकींना टेकून असतात, त्यांना फेस म्हणतात. साध्या सीलमध्ये स्प्रिंग एका फेसला पुढं ढकलते आणि फेसच्या मागची ओ-रिंग (रबरी कडी) स्लीव्हवर, म्हणजे शाफ्टवर चढवलेल्या नळीवर, बारीक मागंपुढं सरकत राहते. ती ओ-रिंग फुगली, कडक झाली किंवा तिच्यापुढं काही साचलं की फेस जाग्यावर अडकतो आणि गळती सुरू होते, शिवाय स्लीव्हवर त्याच ठिकाणी खाच पडते ती वेगळीच. बेलोत ही सरकणारी ओ-रिंग नाही. धातूच्या पातळ चकत्या आतल्या आणि बाहेरच्या कडेला एकाआड एक वेल्ड करून पेटीच्या भात्यासारखी नळी केलेली असते, तीच स्प्रिंग, तीच सील, आणि फेस फिरवायचा जोरही तिच्यातूनच जातो. एका चकतीची जाडी असते साधारण ०.१५ मिमी. हा आकडा डोक्यात ठेवा, कारण पुढचं बरंचसं भांडण याच आकड्याचं आहे.

आता ४०० डिग्री. हा आकडा हवेतनं आलेला नाही, एपीआय ६८२ नावाच्या सीलच्या स्टँडर्डमध्ये आहे, ज्याची पहिली आवृत्ती १९९४ ला आली. पण त्यात बेलोचे दोन प्रकार वेगळे केलेत. टाइप बी मध्ये बेलो धातूचा पण बाकीच्या सीलिंगला रबरी ओ-रिंगच, त्याची मर्यादा १७६ डिग्री. ४०० डिग्री आहे ती टाइप सी ला, जिथं ओ-रिंगच्या जागी ग्रॅफाइट असतं आणि बेलो इन्कोनेल ७१८ या निकेलच्या मिश्रधातूचा. बाजारात "मेटल बेलो" म्हणून जे स्वस्तात मिळतं त्यात बहुतेक वेळा व्हायटॉन रबराच्या ओ-रिंगच असतात ओ, आणि व्हायटॉन २०० च्या आसपास हात टेकतो, मग बेलो कितीही सोसणारा असला तरी उपयोग काय.

थर्मिक फ्लुइडचं, म्हणजे उष्णता वाहून न्यायच्या गरम तेलाचं, तर अजून पुढं आहे. लोक म्हणतात ऑइल २८० डिग्रीला आहे म्हणजे बेलो पाहिजेच. पण बरेच एअर-कूल्ड थर्मिक पंप असे बनवलेले असतात की केसिंग आणि सील यांच्यामध्ये लांब गळा ठेवलेला असतो, त्यात उष्णता निघून जाते आणि सीलपर्यंत तापमान बरंच उतरलेलं असतं. अशा पंपाला साधा सीलही वर्षानुवर्षं चालतो. म्हणून टाकीचं तापमान सांगू नका, सीलच्या डब्यातलं सांगा. आणि जिथं सील खरोखरच गरम तेलात बसतो तिथं बेलोच बरोबर, त्यात वादच नाही. पण तिथंही फेसमधून जी बारीक पाझर होते ती हवेला लागली की तेलाचा कडक कोळसा होतो, तो बेलोच्या आतल्या बाजूला साचतो आणि चकत्या हलायच्या थांबतात, म्हणून मागून वाफेचं किंवा नायट्रोजनचं क्वेंच, म्हणजे फेसच्या बाहेरच्या बाजूला सोडलेली हलकी धार, द्यावं लागतं. मेसेजमध्ये याचा एक शब्दही नाही.

"कुठलंही केमिकल" हा मुद्दा सगळ्यात धोक्याचा वाटतो मला. एक तर टाइप बी मध्ये ओ-रिंग आहेतच, फक्त सरकत नाहीत. डिस्टिलरीत गरम कॉस्टिकनं सीआयपी (न खोलता आतून धुणं) करतात, तिथं व्हायटॉन खराब होतो, ईपीडीएम रबर पाहिजे, आणि तोच ईपीडीएम तेलात घातला तर फुगून जातो. दुसरं म्हणजे धातूचा हिशोब. पंपाचं केसिंग १० मिमी जाड आहे आणि द्रव वर्षाला ०.१ मिमी खातोय असं धरा, केसिंगला काही फरक पडत नाही, मटेरियल "सूटेबल" म्हणून कागदावर सही होते. तेच मटेरियल ०.१५ मिमीच्या चकतीला लावलं तर दीड वर्षात आरपार भोक, आणि खरं तर त्याच्याही आधी, कारण चकती सतत वाकत असते आणि वेल्डची कड आधी जाते. पुढं ३१६ स्टेनलेस स्टीलला (एसएस) क्लोराइड आणि उष्णता एकत्र मिळाली की ताणाखाली भेगा पडतात. मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरणाऱ्या स्पेंट वॉशमध्ये क्लोराइड असतंच. म्हणून चांगले वेल्डेड बेलो हॅस्टेलॉय सी-२७६ या गंज सोसणाऱ्या मिश्रधातूचे देतात. कोटेशनमध्ये नुसतं "एसएस बेलो" लिहिलं असेल तर तिथंच थांबा आणि विचारा कुठलं एसएस.

आता चोकअपचा मुद्दा, जो आपल्या भागाला सगळ्यात जास्त लागू आहे. एकट्या बेळगाव जिल्ह्यात २० हून जास्त साखर कारखाने आहेत, अथणी, रायबाग, गोकाक, हुक्केरी कुठंही जावा, ज्यूस, सिरप, मोलॅसिस (मळी) यांचेच पंप. स्प्रिंग नाही म्हणून अडकणार नाही हे तेल असेल तर ठीक. साखरेत उलटं होतं. दोन चकत्यांमधली फट किती बारीक असते बघा, तिच्यात सिरप शिरतो, पंप थांबला की गार होतो आणि तिथंच घट्ट बसतो. पंप चालू असताना फिरता बेलो स्वतःच्या वेगानं थोडं बाहेर फेकतो हे खरं, पण थांबलेल्या पंपात कोण फेकणार? स्टेशनरी, म्हणजे न फिरणारा, बेलो असेल तर तो चालू असतानाही फेकत नाही. काढलेला असा सील हातात घेऊन दाबून बघा, दगडासारखा, एक मिमी दबत नाही. तोच गरम पाण्यात बुडवून ठेवा, कडेनं तपकिरी पाणी सुटतं आणि थोड्या वेळात तो परत दबायला लागतो. म्हणजे सील खराब नव्हताच.

पण बेलो फुटतो तो बहुतेक दुसऱ्याच कारणानं. दोन फेसच्या मध्ये जी साखर सुकते ती फेसना अक्षरशः चिकटवून टाकते. हंगाम संपल्यावर पंप तसाच सोडला, सात-आठ महिने उभा, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला गाळपाची मोळी पडली की कुणीतरी बटण दाबतो. मोटर फिरते, शाफ्ट फिरतो, फेस चिकटलेला, आणि सगळा पीळ येतो त्या ०.१५ मिमीच्या चकत्यांवर. स्प्रिंगच्या सीलमध्ये पीळ घ्यायला जाड पिन किंवा लग असतो, फार तर पिन वाकेल, हिथं बेलोच फाटतो. भिंगातनं बघितलं तर भेग बहुतेक टोकाच्या पहिल्या-दुसऱ्या घडीच्या वेल्डला धरून गोल गेलेली दिसते. सिरपला उपाय बेलो नाही. उपाय म्हणजे दोन्ही फेस कडक, सिलिकॉन कार्बाइड किंवा टंगस्टन कार्बाइड, स्प्रिंग शक्यतो द्रवाच्या बाहेर असलेला सील, आणि फेसच्या मागच्या बाजूला गरम पाण्याचं हलकं क्वेंच, ज्यामुळं पाझरलेली साखर सुकायच्या आत विरघळते. चालू करायच्या आधी ते पाणी थोडा वेळ सोडायचं, मग कपलिंग हातानं फिरवायचं. फिरत नसेल तर चेन पाना लावून जोर करायचा नाही, अजून पाणी सोडायचं.

याच्यावर काही जण म्हणतात, मग फ्लशिंगच लावू, स्वच्छ पाणी सीलच्या डब्यात सोडू. हे सिरपला परवडत नाही, कारण आत गेलेलं प्रत्येक लिटर पाणी पुढं वाफ जाळून परत उडवायचंय. क्वेंच वेगळं, ते फेसच्या बाहेरच्या बाजूला असतं, मालात जात नाही. हा फरक न कळल्यामुळं बऱ्याच ठिकाणी क्वेंचची लाइन सुद्धा "पाणी मालात जातंय" म्हणून बंद करून ठेवलेली असते. आणि "फ्लशिंग लागत नाही" हे तर कुठल्याच सीलला सरसकट म्हणता येत नाही. ८० डिग्रीच्या वरचं पाणी फेसला वंगण नीट देत नाही, फेसमध्येच वाफ होते. कंडेन्सेट किंवा बॉयलर फीडला सीलजवळचं पाणी कूलरमधून फिरवून गार करायचं असतं, बेलो लावल्यानं पाण्याचा स्वभाव बदलत नाही.

ड्राय रनबद्दल थोडक्यात सांगतो, कारण हा दावा पूर्ण चूक आहे. फेसमध्ये द्रवाची पातळ फिल्म नसली तर फेस तापतात, कडक-कडक जोडी असेल तर काही सेकंदांचा खेळ. आणि बेलोला वरून अजून एक त्रास, कोरडे फेस धरतात-सोडतात, धरतात-सोडतात, त्या थरथरीनं चकत्यांना पीळ बसत राहतो आणि वेल्ड थकून तुटतो. म्हणजे ड्राय रनला स्प्रिंगच्या सीलपेक्षा बेलो जास्त नाजूक. टाकी रिकामी होत असेल तर लो-लेव्हल ट्रिप, म्हणजे पातळी उतरली की पंप बंद करणारा स्विच, बसवा.

पाच वर्षांचं म्हणाल तर चालतो की, मी नाही म्हणत नाही, पण योग्य ठिकाणी आणि योग्य बसवला तर. बसवताना बेलो किती दाबायचा याचं माप असतं, जास्त दाबला तर फेस जळतात, कमी दाबला तर गळतो. सेमी-ओपन इम्पेलरच्या (एका बाजूनं उघड्या पंख्याच्या) पंपात पंखा आणि केसिंगमधला क्लिअरन्स ॲडजस्ट केला की शाफ्ट सरकतो आणि ते माप बिघडतं, हे कोण बघतच नाही. कार्ट्रिज सील (आधीच एकत्र जोडून आलेला) असेल तर माप धरून ठेवणाऱ्या क्लिप परत लावून, स्लीव्हचे स्क्रू ढिले करून नव्यानं सेट करायचं आणि मग क्लिप काढायच्या. आणि खर्च बघताना एवढं लक्षात घ्या की स्प्रिंगचा सील खराब झाला तर ओ-रिंग बदलून, फेस लॅप करून, म्हणजे घासून सपाट करून, परत चढवता येतो, बेलोची चकती फुटली तर तो बेलो भंगारात. गार पाण्याच्या पंपाला तर रबर बेलोचा, एका जाड स्प्रिंगचा साधा सील पुरतो, तिथं मेटल बेलो घालणं म्हणजे मालकाचे पैसे पाण्यात.

एक गोष्ट मेसेजमध्ये नाही पण चौकशीच्या कागदावर कायम चुकते ती म्हणजे प्रेशर. लोक डिलिव्हरीचं प्रेशर लिहितात. सीलला दिसतं ते स्टफिंग बॉक्समधलं, म्हणजे सीलच्या डब्यातलं, जे एंड सक्शन पंपात सक्शनच्या बरंच जवळ असतं. वाढवून लिहिलं की विक्रेता डबल प्लायचा (दुहेरी पत्र्याचा), अजून महाग बेलो सुचवतो, आणि चूक त्याची नसते.

तेव्हा बेळगावच्या उद्यमबागेतनं मागवा नाहीतर कोल्हापूर-पुण्याहून, चौकशीत "मेटल बेलो" असं उत्तरच लिहून पाठवू नका. द्रव कुठला, त्यात घन काय, सीलजवळ तापमान आणि प्रेशर किती, शाफ्ट किती मिमी, आरपीएम किती, सीआयपी कशानं, पंप एका वेळी किती तास किंवा महिने थांबतो, आणि तिथं गरम पाण्याची किंवा वाफेची लाइन आहे का, एवढं लिहा. जुना फुटलेला सील न धुता पिशवीत घालून सोबत द्या, कारण कुठं काय साचलंय ते धुतल्यावर कुणालाच कळत नाही.