असेम्बल्ड गेमिंग पीसी बेभरवशाचा? एकेक मुद्दा तपासून पाहू

दहावी-बारावीचे निकाल लागले की नातेवाइकांच्या ग्रुपांवर एक संदेश फिरू लागतो. मतितार्थ असा: ‘मुलाला गेमिंग पीसी घ्यायचा असेल तर असेम्बल्डच्या नादी लागू नका. कंपनीच्या पीसीचे भाग एकमेकांसाठीच बनवलेले असतात. तो पुढे भाग बदलून वाढवता येतो. त्याला वॉरंटी असते, असेम्बल्डला नसते. कंपनी घाऊक माल घेते म्हणून तो स्वस्तही पडतो. असेम्बल्ड पीसी वर्षभरात जळतो.’ लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण यातल्या बऱ्याच गोष्टी चुकीच्या आहेत आणि त्यावर विसंबून लोक लाखाच्या घरातला खर्च करतात. म्हणून सविस्तर उत्तर देतो.

आधी एक गैरसमज दूर करू. असेम्बल्ड घेणे म्हणजे घरी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसणे, असे बहुतेक पालकांना वाटते. तसे करणारे हौशी आहेतच. पण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा आपल्या शहरातल्या दुकानात आपण भाग निवडायचे आणि त्यांनी ते जोडून, चालवून, तपासून द्यायचे, हीच सर्वसाधारण पद्धत आहे. खरा फरक बिलात असतो. निवडून घेतलेल्या पीसीच्या बिलावर प्रत्येक भागाची कंपनी, पूर्ण मॉडेल आणि सीरियल नंबर येतो. तयार पीसीच्या खोक्यावर बहुतेक वेळा ‘१६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, आरटीएक्स ग्राफिक्स’ एवढेच असते. माझा सगळा आक्षेप या अर्धवट नावांवर आहे.

‘भाग एकमेकांसाठीच बनवलेले असतात.’ हे काही अंशी खरे आहे, आणि नेमकी तीच पुढची अडचण आहे. मदरबोर्ड (सगळे भाग जोडले जातात तो मुख्य बोर्ड), कॅबिनेट आणि एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) यांची मापे जुळावीत म्हणून इंटेलने १९९५ साली एटीएक्स हे प्रमाण आणले. त्यामुळे एका कंपनीचा बोर्ड दुसरीच्या कॅबिनेटमध्ये बसतो आणि तिसरीचा एसएमपीएस त्याला चालतो. डेल, एचपी यांच्या अनेक डेस्कटॉपमध्ये मात्र बोर्डाला वीज देणारा कनेक्टर नेहमीचा २४ पिनांचा नसतो, बोर्डाचा आकार वेगळा असतो, कधी एसएमपीएसचाही. वॉरंटी संपल्यावर असा एसएमपीएस गेला की बाजारातला कुठलाही चांगला एसएमपीएस तिथे सरळ बसत नाही. कंपनीचाच शोधावा लागतो, मिळेल त्या भावाने घ्यावा लागतो.

‘पुढे वाढवता येतो’ हा दावा इथेच लंगडा पडतो. ग्राफिक्स कार्ड बदलायचे तर एसएमपीएसमध्ये तेवढी ताकद आणि कार्डासाठीच्या वायरी हव्यात. प्रोसेसर बदलायचा तर बोर्डाचे बायोस, म्हणजे पीसी सुरू करणारा बोर्डावरचाच प्रोग्राम, नव्या प्रोसेसरला ओळखणारे हवे. एएमडी या प्रोसेसर कंपनीचे एएम४ सॉकेट, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसवायची जागा, पाहा. २०१७ मध्ये एएमडीच्या पहिल्या रायझन प्रोसेसरसाठी घेतलेल्या बी३५० बोर्डावर २०२२ मध्ये आलेला रायझन ७ ५८००एक्स३डी चालू शकतो, कारण बोर्ड बनवणाऱ्यांनी पाच वर्षांनंतरही बायोसच्या नव्या आवृत्त्या दिल्या. गेमिंगसाठी तो प्रोसेसर त्या वेळच्या सर्वोत्तमांपैकी होता. सुट्या विकल्या जाणाऱ्या बोर्डांना हा पाठिंबा मिळतो, कारण त्यांचा ग्राहक तो मागतो. तयार पीसीचा बोर्ड सहसा त्या मॉडेलसोबत विकल्या गेलेल्या प्रोसेसरांपुरताच असतो. कंपनीला तुम्ही पुढच्या वेळी नवा पीसी घेतलेला हवा असतो.

आता नावांकडे येतो, कारण सर्वात जास्त फसगत इथे होते. ‘आरटीएक्स ३०५०’ या एकाच नावाची एनव्हीडियाची दोन वेगळी ग्राफिक्स कार्डे आहेत. २०२२ सालच्या ८ जीबीच्या कार्डात २५६० कोअर (चित्राची गणिते करणारे छोटे भाग) आहेत आणि ते १३० वॅट वीज घेते. २०२४ मध्ये आलेल्या ६ जीबीच्या कार्डात कोअर २३०४, वीज ७० वॅट आणि मेमरीचा रस्ताही अरुंद, १२८ बिटांऐवजी ९६. गेम चालवताना हा फरक स्पष्ट दिसतो. हे नवीनही नाही. जुन्या जीटीएक्स १०६० च्या ३ जीबी आणि ६ जीबी कार्डांतही फरक फक्त मेमरीचा नव्हता, कोअरही ११५२ आणि १२८० असे वेगळे होते. जीटी १०३० ची गोष्ट तर याहून वाईट: जीडीडीआर५ या वेगवान मेमरीचे कार्ड विकले जात असतानाच त्याच नावाने साध्या डीडीआर४ चे कार्ड आले आणि मेमरीचा वेग जवळपास एक तृतीयांश झाला. जाहिरातीत नुसते ‘आरटीएक्स ३०५०’ लिहिले असेल तर यातले कोणते मिळणार, हे तुम्ही कसे ओळखणार?

रॅमचेही तसेच. ‘१६ जीबी’ म्हणजे ८-८ च्या दोन पट्ट्या, की १६ ची एकच? एकच असेल तर मेमरी सिंगल चॅनलवर चालते, प्रोसेसरला मिळणारा वेग निम्मा होतो आणि अनेक गेममध्ये एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रे, घसरतात. अनेक तयार पीसी एकाच पट्टीवर विकले जातात. इंटेलच्या प्रोसेसरवरच्या ‘आय-सेव्हन’ या शब्दाबद्दल थोडक्यात: पिढी सांगितल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही.

‘असेम्बल्डला वॉरंटी नसते.’ हे साफ चूक आहे. प्रत्येक भागाला त्याच्या कंपनीची वेगळी वॉरंटी असते: खोकाबंद प्रोसेसरला ३ वर्षे, ग्राफिक्स कार्ड आणि मदरबोर्डला साधारण ३, चांगल्या एसएसडीला ५, चांगल्या एसएमपीएसला ५ ते १०. कंपनीच्या तयार डेस्कटॉपला बहुधा १ वर्ष, काहींना ३, पुढची पैसे भरून. २०२४ चे उदाहरण बोलके आहे. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतले अनेक डेस्कटॉप प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे अस्थिर होऊ लागले. इंटेलने बायोसमधून दुरुस्ती दिली आणि वॉरंटी २ वर्षांनी वाढवली. खोकाबंद प्रोसेसर घेतलेल्यांना इंटेलकडे थेट दाद मागता आली. तयार पीसी घेतलेल्यांना मात्र आधी त्या पीसीच्या कंपनीकडे जायला सांगितले गेले.

एक अट मात्र आहे: पक्के जीएसटी बिल हवे आणि त्यावर सीरियल नंबर हवेत. बिलाशिवाय थोडे स्वस्त देणाऱ्या दुकानदाराकडून घेतलेत, किंवा भारतातली वॉरंटी नसलेला चोरवाटेने आलेला भाग घेतलात, तर संदेशातले वाक्य तुमच्यापुरते खरे ठरेल.

‘असेम्बल्ड पीसी जळतो.’ जळतो तो बहुतेक वेळा कॅबिनेटसोबत फुकट आलेला बिननावाचा एसएमपीएस. त्यावर छापलेल्या ४५० वॅटला काही आधार नसतो. सगळ्या बजेटमध्ये मी या एका भागावर काटकसर करू देणार नाही. ‘८० प्लस’चा शिक्का बघा, पण तो वीज किती वाया जाते एवढेच सांगतो, जास्त भार किंवा शॉर्ट सर्किट झाल्यास एसएमपीएस स्वतःला बंद करतो का, हे त्यावरून कळत नाही. मॉडेलची स्वतंत्र चाचणी वाचा.

‘कॅबिनेटला हात लावला की करंट लागतो’ ही तक्रारही असेम्बल्डच्या माथी मारली जाते. तो झिणझिण्यांचा दोष बहुतेकदा घरच्या अर्थिंगचा असतो. एसएमपीएसमधल्या फिल्टरचे कपॅसिटर थोडासा प्रवाह अर्थिंगकडे सोडतात. अर्थिंग नसेल तर तो कॅबिनेटवर जाणवतो. नावाजलेल्या कंपनीच्या पीसीतही हेच होईल. पीसी कोणताही घ्या, आधी इलेक्ट्रिशियनकडून प्लगचे अर्थिंग तपासून घ्या. आणि घरात आधीपासून असलेल्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर गेमिंग पीसी लावू नका, त्याची ताकद साधारण ३६० वॅटचीच असते.

‘घाऊक खरेदीमुळे स्वस्त.’ कधी कधी, हो. २०२१ मध्ये क्रिप्टो मायनिंग आणि चिप-टंचाईमुळे सुटी ग्राफिक्स कार्डे छापील किमतीच्या कितीतरी पुढे गेली, तेव्हा कार्डासकट तयार पीसी घेणे शहाणपणाचे होते. २०२५ च्या अखेरीला एआय डेटा सेंटरांच्या मागणीने रॅमचे भाव भडकले, तेव्हाही जुन्या साठ्यातले तयार पीसी काही काळ परवडत होते. म्हणून एकाच दिवशी दोन्हींचे भाव काढा. पण तुलना त्याच कार्डाची, तेवढ्याच पट्ट्यांची, त्याच दर्जाच्या एसएमपीएसची करा.

संदेशातली एक बाजू मी मनापासून मान्य करतो. घरी येऊन दुरुस्त करणारी सेवा मोलाची आहे. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याने, ज्याच्या आसपास बिघाड ओळखणारा कुणी नाही, त्याने ग्राफिक्स कार्ड काढून शहरातल्या सर्व्हिस सेंटरला कुरियरने पाठवायचे आणि वाट पाहायची, हे सोपे नाही. कोणता भाग बिघडला हे ठरवणेच अर्धे काम असते. तयार पीसीत विंडोजचा अधिकृत परवानाही येतो. असेम्बल्डमध्ये तो खर्च वेगळा धरा आणि दुकानदाराला चोरीची प्रत टाकू देऊ नका.

अशा कारणाने तयार पीसी घेत असाल तर पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून चार गोष्टी लेखी घ्या: ग्राफिक्स कार्डाचे मेमरीसकट पूर्ण नाव, रॅमच्या पट्ट्या किती, एसएमपीएस किती वॅटचा आणि त्याचा कनेक्टर नेहमीच्या एटीएक्सचा आहे का, आणि स्वतः रॅम किंवा एसएसडी वाढवली तर वॉरंटी राहते का. उत्तर देता येत नसेल तर दुसरा विक्रेता गाठा.