गाणी पाठ झाली म्हणजे संगीत आलं?

प्राथमिक शाळेतल्या संगीताच्या तासाबद्दल एक मजकूर सध्या या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरतो आहे. सूर-ताल उपजत असतात, शिकवून येत नाहीत. टाळ्या वाजवत फिरणं हा नुसता खेळ. गाण्याची रचना लहान मुलांना कळत नाही. वाद्यं नसतील तर तासाला अर्थ नाही. तेव्हा चार गाणी पाठ करून घ्या आणि चांगलं संगीत ऐकवा, त्यानं बुद्धी वाढते, असं त्यात म्हटलंय. शिक्षकच तो एकमेकांना पाठवतात, म्हणून गप्प बसवत नाही. मी बरीच वर्षं पहिली-दुसरीच्या मुलांना संगीत शिकवते आहे.

‘सूर उपजत असतो’ या वाक्यानं सगळ्यात जास्त नुकसान होतं, कारण ते ऐकून मूल गाणंच सोडून देतं. स्वरांतला फरक मुळातच न कळणारी माणसं असतात, पण फार थोडी. वर्गात ‘बेसूर’ म्हणून ज्याला मागे बसवतात त्या मुलाला बहुतेक वेळा ऐकू नीट येत असतं. आवाज त्या जागी न्यायचा कसा, एवढंच त्याला सापडलेलं नसतं. दुसरीतली एक मुलगी अख्खं गाणं एकाच स्वरावर, बोलल्यासारखं म्हणायची. मी तिला पेटीच्या सुरात आणायला बघत होते आणि चुकत होते. एक दिवस उलटं केलं. ती ज्या स्वरावर होती तोच मी धरला. दोघींचे आवाज एकमेकांत मिसळले तशी ती गाता गाता थांबली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. आवाजाला आवाज लागतो म्हणजे काय होतं, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मग तिथून एकच स्वर वर, परत खाली. मग लांबच्या माणसाला हाक मारावी तसा ‘ओऽऽ’ करत आवाज खालून वर चढवायचा. वर्ष संपताना ती पाच स्वरांचं गाणं सुरात म्हणत होती.

पुरुष शिक्षकांना एक सांगावंसं वाटतं. तुम्ही तुमच्या नेहमीच्या आवाजात गाता तेव्हा मुलांपेक्षा साधारण एक सप्तक (सा ते नी असा सात स्वरांचा एक पट्टा) खाली असता. काही मुलं तो खालचाच स्वर गाठायला जातात आणि घसा दाबून घोगरा आवाज काढतात. ती तुमची नक्कल मन लावून करत असतात, आणि आपण त्यांना बेसूर ठरवतो. अशा वेळी सुरात गाणाऱ्या एखाद्या मुलालाच पुढे उभं करून त्याच्या मागून म्हणायला लावावं.

सुरुवात कोणत्या स्वरांनी करायची यावरही जाणत्या माणसांनी विचार केलेला आहे. हंगेरीचे संगीतकार झोल्टान कोडाय (१८८२–१९६७) यांच्या विचारांतून उभी राहिलेली पद्धत एकदम सगळं सप्तक मुलांपुढे ठेवत नाही. आधी प आणि त्यावरून खाली ग, एवढे दोनच स्वर. खेळताना मुलं एकमेकांना हाका मारतात त्यात हा उतार पुष्कळदा ऐकू येतो.

आता टाळ्या. मुलांना ‘पाऊस आला, छत्री उघड’ म्हणत एकसारखी पावलं टाकायला सांगा, आणि प्रत्येक अक्षरगटाला एक टाळी. पा-ऊस, आ-ला, छत्-री, उ-घड. पावलं चार, टाळ्या आठ. सुरुवातीला बहुतेक मुलांचे पाय टाळ्यांमागे पळतात, आठ पावलं पडतात. चालणारी मात्रा, म्हणजे तालाचा एकसारखा ठोका, वेगळी आणि तिच्यावर बसणारे शब्द वेगळे, हे कळायलाच काही तास जातात. ते जमलं की दुसरी ओळ द्यायची: ‘पाऊस गेला, छत्री मीट.’ पावलं चारच, टाळ्या मात्र सात. एक टाळी कुठे गेली, हे मुलंच शोधतात. शेवटच्या पावलावर ‘मीट’ एकटंच आहे, त्यानं अख्खी मात्रा व्यापली आहे. हे फळ्यावर लिहून सांगितलं तर दुसरीतल्या मुलाला कळणार नाही. पायाला कळतं.

हे माझ्या एकटीचं मत नाही. जिनिव्हात शिकवणारे एमिल जाक-डालक्रोझ (१८६५–१९५०) यांना दिसलं की कागदावर सगळं सोडवणारे विद्यार्थी लयीत अडखळतात, आणि त्यांनी शरीराच्या हालचालीतून ताल शिकवायला घेतला. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ७ महिन्यांच्या बाळांना कुठेही जोर नसलेला ठेका ऐकवला. काहींना दर दुसऱ्या मात्रेला झुलवलं, काहींना दर तिसऱ्या. नंतर, दर जितक्या मात्रांना झुलवलं होतं तितक्याच मात्रांना जोर दिलेला ठेका बाळं जास्त वेळ ऐकत राहिली. अंग हललं तसं कान घडले. याला नुसता खेळ कसं म्हणायचं?

ऐकवल्यानं बुद्धी वाढते, हा दावा १९९३ च्या एका प्रयोगातून पसरला. त्यात ३६ जण होते, तेही कॉलेजातले. युरोपातले संगीतकार मोझार्ट यांचं संगीत १० मिनिटं ऐकून आकार-जागेची कोडी थोडी बरी सुटली, आणि तो परिणाम १०-१५ मिनिटांत ओसरला. लहान मुलांची त्यात चाचणीच झाली नव्हती. संगीत जरूर ऐकवा, पण संगीतासाठी ऐकवा.

वाद्यांचं म्हणाल तर वर जे जमलं म्हणून लिहिलं त्यातल्या एकाही गोष्टीला वाद्य लागलं नाही.

राहिली रचना. मुखडा परत येतो, अंतरा नवा असतो, हे मुलांना कळतं; फक्त त्याची नावं त्यांना ठाऊक नसतात. मी गाणं म्हणते आणि मुलं ऐकता ऐकता कागदावर काढत जातात: मुखड्याला गोल, अंतऱ्याला त्रिकोण. एकदा सगळ्यांचे कागद सारखे आले, गोल-त्रिकोण-गोल-त्रिकोण-गोल. एका मुलानं मात्र शेवटचा गोल अर्धाच काढला होता. पूर्ण करायचा राहिला का, असं मी विचारलं. तो म्हणाला, “बाई, शेवटी तुम्ही अर्धंच म्हटलंत.” मी आठवून पाहिलं. शेवटी मुखड्याची पहिली ओळ म्हणूनच मी थांबले होते.