रॉथमधले जास्तीचे पैसे परत काढले, तरी रिटर्नमध्ये दाखवावेच लागतात

जानेवारी सरत आला की अमेरिकेतल्या आपल्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर हळदीकुंकवाच्या फोटोंमागोमाग टॅक्सचे फॉरवर्ड सुरू होतात. त्यातला एक, रॉथ आयआरए या निवृत्तीच्या बचत खात्याबद्दलचा, यंदा मला तीन ग्रुपांवरून आला. मजकूर साधारण असा: ‘उत्पन्न वाढलं आणि रॉथ आयआरएत चुकून पैसे भरले गेले, तर घाबरू नका. १५ एप्रिलच्या आत जेवढे भरले तेवढे काढून घ्या. भरलेच नव्हते असं धरलं जातं, त्यामुळे रिटर्नमध्ये काही दाखवायचं नाही. १०९९-आर आलाच तर ज्या वर्षाचा असेल त्या वर्षाच्या रिटर्नमध्ये टाका. नफ्यावर १० टक्के दंड बसतो, तो भरून मोकळे व्हा. ४०१-केचंही हेच.’ (१०९९-आर म्हणजे निवृत्तीच्या खात्यातून पैसे काढल्याचा फॉर्म, ४०१-के म्हणजे नोकरीत पगारातून कापली जाणारी निवृत्तीची बचत.)

यातलं ‘भरलेच नव्हते असं धरलं जातं’ हे खरं आहे, आणि त्याच्याच जोरावर बाकीचं सगळं खपून जातं. मी सीपीए, म्हणजे परवानाधारक अकाउंटंट, नाही. पण हीच चूक करून, असाच सल्ला ऐकून, नंतर निस्तरत बसलेला माणूस आहे.

आधी खड्डा कुठे आहे ते सांगतो. २०२४ साली पन्नाशीच्या आतल्या माणसाला आयआरएत ७,००० डॉलर भरता येत होते. पण नवराबायकोचं एकत्र रिटर्न असेल, तर रॉथसाठी उत्पन्न २,३०,०००च्या वर गेलं की ही मुभा कमी होत जात होती आणि २,४०,०००ला संपत होती. आम्ही जानेवारीत पैसे भरून टाकले, वर्षाअखेर बायकोच्या कंपनीचे शेअर व्हेस्ट झाले, म्हणजे तिच्या नावावर होऊन उत्पन्नात धरले गेले, आणि आकडा २,४३,०००वर गेला. नव्याने आलेल्या मुलांचा खड्डा तर आणखी अलीकडे असतो. बायकोचा आयटीआयएन (सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्यांचा टॅक्स नंबर) निघालेला नसतो म्हणून ते ‘मॅरीड फायलिंग सेपरेटली’, म्हणजे वेगवेगळं रिटर्न, भरतात. वर्षभरात थोडे दिवस जरी दोघं एकत्र राहिले असतील, तरी त्यांची रॉथची मुभा १०,००० डॉलर उत्पन्नावरच संपते. म्हणजे पहिल्याच पगारांत.

आता ‘रिटर्नमध्ये काही दाखवायचं नाही’ या वाक्याकडे येऊ. भरलेच नव्हते असं धरतात ते मुद्दल. मुद्दलावर झालेला नफा खराच असतो आणि त्यावर कर लागतो. आयआरएसाठीच्या ८६०६ या फॉर्मच्या सूचनांत हे स्वच्छ लिहिलंय: परत घेतलेला भरणा त्या फॉर्मवर दाखवायचा नाही, पण १०४०च्या, म्हणजे मुख्य रिटर्नच्या, ४ए या ओळीत मुद्दल आणि नफा मिळून पूर्ण रक्कम लिहायची, ४बीमध्ये फक्त नफा, आणि सोबत खुलाशाचा कागद जोडायचा. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने बहुधा पहिला भाग वाचला आणि तिथेच पान मिटलं.

खुलाशाचा कागद म्हणजे काही वकिली नोटीस नव्हे, चार ओळी असतात. माझ्या कागदावर एवढंच होतं: जानेवारी २०२४मध्ये रॉथमध्ये ७,००० भरले, उत्पन्न मर्यादेबाहेर गेल्यामुळे मार्च २०२५मध्ये ७,९१० परत काढले, पैकी ९१० नफा, तो या रिटर्नमध्ये धरला आहे.

आणि हे सगळं कोणत्या वर्षाच्या रिटर्नमध्ये? इथेच बहुतेक जण फसतात, मीही फसलो. नियम असा की भरणा ज्या वर्षी केला, नफा त्या वर्षाचा. पैसे मार्च २०२५मध्ये काढले, तरी भरले होते २०२४मध्ये, म्हणून कर २०२४च्या रिटर्नवर. पण १०९९-आर निघतो पैसे काढले त्या वर्षाचा. तो २०२५चा म्हणून जानेवारी २०२६मध्ये हातात येतो, म्हणजे ज्या रिटर्नसाठी तो लागतो ते भरून नऊ-दहा महिने झाल्यावर. मी एप्रिल २०२५मध्ये ‘काही दाखवायचं नाही’ म्हणून रिटर्न भरून निवांत बसलो होतो. पाकीट फोडलं तर पहिल्या चौकटीत ७,९१०, २एमध्ये ९१०, आणि सातव्या चौकटीत दोनच अक्षरं: पी आणि जे. जे म्हणजे पैसे रॉथमधून लवकर काढले. पी म्हणजे कर आधीच्या वर्षाचा. फॉरवर्डच्या हिशोबाने मी ते २०२५च्या रिटर्नमध्ये टाकायला हवं होतं. ते पी अक्षर नेमकं तेच करू नका म्हणून छापलेलं असतं.

मग २०२४साठी १०४०-एक्स हा दुरुस्तीचा फॉर्म भरला, राज्याचंही रिटर्न दुरुस्त केलं. आमच्या २४ टक्क्यांच्या टप्प्यात ९१०वर फेडरल कर २१८ डॉलर, वर थोडं व्याज. रक्कम मोठी नाही, शनिवार मात्र गेला. वेळेत करायचं असतं तर १०९९-आरची वाट बघायची गरजच नव्हती. पैसे काढताना ब्रोकरेजने नफ्याचा आकडा लेखी दिला होता, त्यावरून ४ए आणि ४बी तेव्हाच भरता आलं असतं.

यालाही एक पोटनियम आहे. २०२४ साठीचे पैसे तुम्ही जानेवारी ते एप्रिल २०२५मध्ये भरले असतील आणि तिथल्या तिथे काढले असतील, तर नफा २०२५चाच, आणि सातव्या चौकटीत पीऐवजी ८ दिसेल. भरणा कोणत्या वर्षासाठी होता हे विचारू नका, पैसे खात्यात कधी गेले ते बघा.

‘नोटीस आली की बघू’ म्हणणारेही असतात. आयआरएसकडे, म्हणजे करखात्याकडे, १०९९-आर जातो तसाच खात्यात भरलेल्या पैशांचा ५४९८ हा फॉर्मही जातो, आणि त्यावर भरलेले ७,००० तसेच दिसतात. काढल्याचा मागमूस तुमच्या रिटर्नमध्ये नसेल, तर बाहेरून बघणाऱ्याला ते पैसे अजून आतच आहेत असं वाटू शकतं. आत राहिलेल्या जादा भरण्यावर दर वर्षी ६ टक्के जादा कर, म्हणजे आमच्यासारख्याला ४२० डॉलर, पैसे बाहेर येईपर्यंत.

‘जेवढे भरले तेवढे काढा’ हे मुदतीच्या आत चूक आहे, कारण मुद्दलासोबत त्याचा नफाही काढावा लागतो. हा नफा त्या ७,०००मधून तुम्ही कोणता फंड घेतला यावर ठरत नाही, पूर्ण खात्याच्या वाढीवर ठरतो. माझ्या खात्यात आधीचे २१,००० होते. त्यात ७,००० पडले, झाले २८,०००. काढण्याच्या दिवशी खातं ३१,६४०वर होतं, म्हणजे १३ टक्के वाढ. ७,०००चे १३ टक्के ९१०. बाजार पडला असता तर ७,०००पेक्षा कमी काढून भागलं असतं, फक्त तो तोटा कुठे वजा मिळत नाही. गंमत अशी की मुदत उलटून गेल्यावर नियम फिरतो. तेव्हा ६ टक्के भरायचे आणि खरंच फक्त मुद्दल काढायचं, नफा आत राहू द्यायचा. म्हणजे फॉरवर्डमधला हा सल्ला उशीर झालेल्यांना लागू पडतो, आणि दिलाय तो वेळेत असणाऱ्यांना.

१० टक्के दंडाचं थोडक्यात: तो होता, आता नाही. २९ डिसेंबर २०२२ला सही झालेल्या सिक्युअर २.० कायद्याने मुदतीत काढलेल्या अशा नफ्यावरचा तो दंड उठवला. सॉफ्टवेअरने आपोआप लावलाच, तर ५३२९ या अशा दंडांच्या फॉर्मवर सवलत मागून काढून टाका. ‘भरून मोकळे’ होऊ नका.

१५ एप्रिलही शेवटची तारीख नव्हे. रिटर्न वेळेवर भरलेलं असेल, तर सहा महिने आणखी मिळतात, १५ ऑक्टोबरपर्यंत. त्यासाठी सुधारित रिटर्नच्या डोक्यावर ‘फाइल्ड पर्स्युअंट टू सेक्शन ३०१.९१००-२’ हे शब्द लिहायचे. आणि पैसे बाहेर काढणं हा एकच रस्ता नाही. त्याच मुदतीत ते नफ्यासकट ट्रॅडिशनल आयआरएत, म्हणजे आयआरएच्या दुसऱ्या प्रकारात, वळवून घेता येतात, तेव्हा नफ्यावर कर लागत नाही. मला हे कुणी सांगितलं असतं तर वरची निम्मी कहाणी घडलीच नसती.

राहिलं ‘४०१-केचंही हेच’. तिथे जवळजवळ सगळं उलट आहे. वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली, दोन्हीकडे जोरात कापून घेतलं, आणि दोन्ही कंपन्या एकमेकींना ओळखत नाहीत, असं आपल्यात सर्रास होतं. २०२५ची पन्नाशीच्या आतल्यांची मर्यादा दोन्हीकडचं मिळून २३,५०० होती. मर्यादेच्या वरचे पैसे, ज्या वर्षी कापले त्या वर्षाच्या पगारात धरायचे, १०४०च्या १एच ओळीवर. त्यावरचा नफा मात्र ज्या वर्षी हातात येईल त्या वर्षाचा. आणि तारीख १५ एप्रिलच, रिटर्नला मुदतवाढ घेतली असली तरी. त्या दिवशी पैसे प्लॅनमधून बाहेर आलेले हवेत, म्हणून अर्ज मार्चमध्येच द्या.