६५ वॉटचा चार्जर ६५ वॉट का देत नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

'एकाच चार्जरवर अख्खं घर' हा लेख वाचून तुम्ही ६५ वॉटचा, दोन यूएसबी-सी आणि एक यूएसबी-ए पोर्ट असलेला गॅन (सिलिकॉनऐवजी गॅलियम नायट्राइड वापरणारा) चार्जर घेतलात आणि वैतागलात. तुमच्या तक्रारी अशा: लॅपटॉप 'स्लो चार्जर'चा इशारा देतो. शेजारच्या पोर्टला काही लावलं की लॅपटॉपचं चार्जिंग क्षणभर तुटतं. मुलाचा ६५ वॉटवाला ओप्पो फोन रखडत चार्ज होतो. ट्रिमर अजिबात चार्ज होत नाही. चार्जर तापतो. लॅपटॉपच्या धातूच्या बॉडीला मनगट टेकलं की झिणझिण्या येतात. आणि शेवटी तुमचा निष्कर्ष, 'गॅन हा जाहिरातीचा फुगा आहे, जुने चार्जरच बरे.'

तक्रारी सगळ्या खऱ्या आहेत, निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. या सहांपैकी गॅनशी थेट संबंध असलेली तक्रार एकच, तापण्याची. बाकीच्या पाच तुमच्या केबलपाशी, पोर्टांच्या वाटणीपाशी, समोरच्या उपकरणापाशी किंवा अर्थिंगपाशी जातात, आणि त्यातल्या बहुतेक नवा खर्च न करता सुटतात.

आधी लॅपटॉप, कारण खरी गोम तिथेच आहे. यूएसबी पॉवर डिलिव्हरी, म्हणजे पीडी, ठरावीक व्होल्टेजवर चालते: ५, ९, १५ आणि २०. ६५ वॉट म्हणजे २० व्होल्टला ३.२५ अँपिअर. साध्या सी-टू-सी केबलची मर्यादा आहे ३ अँपिअर. त्यापुढे जायचं तर केबलच्या टोकात ई-मार्कर नावाची बारीक चिप लागते. चार्जर आधी केबलला विचारतो, 'तू ५ अँपिअर पेलतेस का?' चिप नसेल तर उत्तर येत नाही आणि चार्जर मुकाट्याने ३ अँपिअरवर, म्हणजे ६० वॉटवर थांबतो. फोनसोबत आलेली केबल बहुधा या ३ अँपिअरवाल्या जातीची असते. ६५ वॉट मागणाऱ्या लॅपटॉपला ६० मिळाले की काही कंपन्यांचे लॅपटॉप लगेच इशारा देतात. तेव्हा केबल ५ अँपिअरची घ्या. तिच्यावर किंवा पाकिटावर १०० वॉट किंवा २४० वॉट असं छापलेलं असतं. २०२१ मध्ये आलेल्या पीडी ३.१ पासून कमाल मर्यादा ४८ व्होल्ट आणि ५ अँपिअर, म्हणजे २४० वॉट झाली आहे. नवी केबल घ्यायचीच असेल तर २४० वॉटची घ्या, पुढची चिंता नको.

पण इशारा शेजारचा पोर्ट वापरात असतानाच येत असेल, तर केबल बदलूनही काही होणार नाही. चार्जरवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले ६५ वॉट हे एकच उपकरण, तेही वरच्या सी पोर्टला लावलेलं असताना मिळतात. दुसऱ्या सी पोर्टला काही लावलं की बहुतेक चार्जर ४५ आणि २० अशी वाटणी करतात. तुम्ही तिथे इअरबड्सची डबी लावलीत आणि ती जेमतेम दोन-तीन वॉट खेचत असली, तरी पुष्कळ चार्जर तिच्या नावावर पूर्ण २० वॉट राखून ठेवतात. लॅपटॉपच्या वाट्याला उरतात ४५. आणि ही वाटणी बदलताना चार्जरला प्रत्येक उपकरणाशी बोलणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागतात, म्हणून सगळ्या पोर्टांचा पुरवठा एक-दोन सेकंद तुटतो. उपकरण काढतानाही हेच होतं. लॅपटॉपला बॅटरी असल्यामुळे त्याचं काही बिघडत नाही. मात्र याच चार्जरवर वायफाय राउटर किंवा बॅटरी नसलेलं कुठलंही उपकरण चालवू नका, ते दर वेळी बंद पडून पुन्हा सुरू होईल.

इथे तुमचा राग योग्य जागी आहे. वाटणीचा तक्ता कंपन्या खोक्याच्या मागे मुंगीच्या अक्षरांत छापतात, आणि कधी कधी फक्त आतल्या कागदावर. दुकानात उभं राहून गिऱ्हाइकाला तो वाचता आलाच पाहिजे. तोवर हिशेब आपणच करायचा: एकाच वेळी लागणाऱ्या वॉटची बेरीज करा आणि तेवढी बेरीज वाटणीच्या तक्त्यात सापडते का ते पाहा. लॅपटॉपला ६५ आणि फोनला २५ हवे असतील तर १०० वॉटचा चार्जर लागतो, आणि त्याच्या तक्त्यातही ६५ + ३० किंवा तशी जोडी स्पष्ट लिहिलेली हवी. काही १०० वॉटवाले चार्जर ४५ + ४५ अशी वाटणी करतात. त्यांचा तुम्हाला उपयोग नाही.

मुलाच्या फोनचं गणित वेगळं आहे. ओप्पोची ६५ वॉटची सुपरवूक पद्धत १० व्होल्टला ६.५ अँपिअर पाठवते. सी पोर्टवर पीडीची मर्यादाच ५ अँपिअर असल्यामुळे हा प्रवाह पीडीच्या नियमात बसत नाही. त्यासाठी कंपनीचाच चार्जर आणि कंपनीचीच जाड तारांची केबल लागते. बाहेरचा चार्जर दिसला की असा फोन आपली खास पद्धत सोडून साध्या पीडीवर उतरतो, आणि मॉडेलनुसार त्याचा वेग बराच कमी होतो. या फोनसाठी जुना चार्जर जपून ठेवा, रात्रभर लावायचा असेल तर नवा चालेल. सॅमसंगचं तसं नाही. त्यांचं २५ आणि ४५ वॉटचं चार्जिंग पीपीएसवर (प्रोग्रॅमेबल पॉवर सप्लाय) चालतं, आणि पीपीएस पीडीचाच भाग आहे. त्यात फोन २० मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी हवा तेवढाच व्होल्टेज मागून घेतो. म्हणून चार्जरच्या आउटपुटच्या ओळीत 'पीपीएस ३.३-११ व्होल्ट' किंवा त्याहून मोठा पल्ला छापलेला आहे का ते बघा. तो नसेल तर ६५ वॉटचा चार्जरही सॅमसंगला २५ वॉटच्या वेगाने चार्ज करणार नाही. आणि वेग तपासायचा तर बॅटरी २०-३० टक्क्यांवर असताना तपासा. ८० टक्क्यांनंतर कुठलाही फोन स्वतःच प्रवाह कमी करतो.

ट्रिमरचा दोष निव्वळ ट्रिमर बनवणाऱ्याचा. सी पोर्ट समोर काही जोडलंय याची खात्री पटल्याशिवाय वीज सोडतच नाही. ती खात्री पटवण्यासाठी उपकरणाच्या पोर्टात दोन सीसी पिना असतात आणि प्रत्येकीवर ५.१ किलोओहमचा एक रेझिस्टर लागतो. हे दोन रेझिस्टर काही पैशांचे, पण स्वस्त ट्रिमर, टॉर्च, पंखे यांत ते सर्रास गाळलेले असतात. नावाजलेल्या उपकरणातही इथे चूक होऊ शकते: २०१९ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकाच्या पहिल्या बोर्डांत दोन्ही पिनांना मिळून एकच रेझिस्टर होता, त्यामुळे ई-मार्कर असलेली केबल लावली की चार्जर त्याला ऑडिओची जोडणी समजायचा आणि वीज देत नसे. तुमच्या ट्रिमरसाठी उपाय सोपा आहे. चार्जरच्या ए पोर्टला ए-टू-सी केबल लावा. ए पोर्टवर ५ व्होल्ट कायम असतात, तो काही विचारत नाही.

आता गॅन. गॅलियम नायट्राइडचा बँडगॅप (इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी ऊर्जा) सुमारे ३.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, सिलिकॉनचा १.१. त्यामुळे त्याचा ट्रान्झिस्टर लहान असूनही जास्त व्होल्टेज सोसतो आणि खूप वेगाने चालू-बंद होतो. चालू-बंदची वारंवारता वाढली की ट्रान्सफॉर्मर लहान चालतो आणि चार्जर मुठीत मावतो. पण उष्णता काही शून्यावर येत नाही. कार्यक्षमता ९२ टक्के धरली तर ६५ वॉट देताना साडेपाच वॉटच्या आसपास उष्णता होते, आणि ती बाहेर टाकायला पृष्ठभाग उरलेला असतो छोटासा. तेव्हा हाताला गरम लागणं अपेक्षितच आहे. वास येणं, प्लास्टिक पिवळं पडणं किंवा आतून किरकिर वाढत जाणं, हे मात्र अपेक्षित नाही. उन्हाळ्यात खोलीत ४० अंश असताना चार्जर सोफ्यामागे, उशीखाली, पडद्याआड ठेवू नका. आतला तापमान-सेन्सर आउटपुट कमी करतो आणि 'स्लो चार्जर' पुन्हा दिसतो. शिवाय आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढलं की ढोबळमानाने निम्मं होतं. चांगला चार्जर बंद पडतो तेव्हा पुष्कळदा आधी हाच गेलेला असतो.

राहिल्या झिणझिण्या. दोन पिनांच्या चार्जरमध्ये रेडिओ-गोंगाट दाबण्यासाठी मेन्सची बाजू आणि आउटपुटची बाजू यांच्यामध्ये वाय-कपॅसिटर बसवतात. त्यातून अगदी किंचित प्रवाह झिरपतो, आणि अर्थिंग नसल्यामुळे तो तुमच्या मनगटातून वाट काढतो. दोन पिनांच्या उपकरणाला सुरक्षा मानकात याची मर्यादा घालून दिलेली आहे, त्यामुळे चांगल्या चार्जरची झिणझिण त्रासदायक असली तरी धोक्याची नाही. ती नकोच असेल तर खरोखर अर्थ जोडलेली तीन पिनांची वीट (लॅपटॉपचा जड अडॅप्टर) लॅपटॉपसाठी वापरा. तुमची जुनी वीट तीन पिनांची असेल तर या कामी तीच ठेवा. जुन्या इमारतींत सॉकेटचं तिसरं भोक नुसतंच असतं, आत तार नसते. ते एकदा वायरमनकडून तपासून घ्या.

एक गोष्ट मात्र आजच पाहा. स्वस्त नकली चार्जरमध्ये वाय-कपॅसिटरच्या जागी साधा कपॅसिटर ठोकून दिलेला असू शकतो. तो शॉर्ट झाला तर २३० व्होल्ट थेट लॅपटॉपच्या बॉडीवर येतात. चार्जरवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि 'आर' ने सुरू होणारा आठ अंकी नोंदणी क्रमांक आहे का ते बघा आणि तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाका. कंपनीचं आणि उत्पादनाचं नाव जुळलं पाहिजे. क्रमांक नसेल, जुळत नसेल, किंवा झिणझिण्यांच्या जागी झटका बसला असेल, तर तो चार्जर त्याच क्षणी काढून टाका. अमेरिकेतून कोणी आणून दिलेल्या चपट्या पिनांच्या चार्जरवर हा क्रमांक बहुधा नसतोच, आणि त्या पिना आपल्या सॉकेटमध्ये सैल बसून ठिणग्या पडतात.

चार्जरवरच्या आउटपुटच्या सगळ्या ओळी, पोर्टांच्या वाटणीचा तक्ता आणि लॅपटॉपच्या जुन्या विटेवरचे व्होल्ट-अँपिअर इथे लिहून पाठवा. कुठलं उपकरण कुठल्या पोर्टला आणि कोणत्या केबलने लावायचं, ते नेमकं सांगतो.