वकिलांना ‘सीसी’ केल्याने ईमेल गोपनीय ठरत नाही

ईमेलच्या प्रतीत वकिलांचा पत्ता टाकला की तो न्यायालयात दाखवावा लागत नाही, असा संदेश चाकण-भोसरीच्या उद्योजकांमध्ये फिरत आहे. तो चुकीचा असून त्यावर विसंबणे फार महागात पडेल. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ चे संरक्षण वकिलाशी सल्ल्यासाठी झालेल्या संवादाला आहे. सदोष मालाबद्दल पुरवठादाराशी झालेला पत्रव्यवहार, डिलिव्हरी चलन किंवा तपासणी अहवाल वकिलाकडे पाठवल्याने झाकला जात नाही. उलट, वाणिज्यिक न्यायालये अधिनियम, २०१५ नुसार दाव्याशी संबंधित आणि आपल्या ताब्यातील सर्व कागदपत्रे, अगदी विरोधात जाणारीसुद्धा, वादपत्रासोबतच हजर करावी लागतात. कंपनीच्या पगारी विधी अधिकाऱ्याला तर कलम १३२ लागूच होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे.