बायनरी आल्या म्हणून जेंटू बिघडत नाही
जेंटू ही लिनक्सची एक आवृत्ती; तिच्यात प्रोग्राम त्यांच्या सोर्स कोडवरून आपल्याच संगणकावर कंपाइल करायची, म्हणजे चालवण्याजोगे बनवायची, पद्धत आहे. आता तिथे आधीच कंपाइल केलेले प्रोग्राम, म्हणजे बायनरी, मिळतात. 'तयार बायनरीच घ्यायच्या, तर जेंटू वापरायचं कशाला?' हा याविषयीच्या एका लेखातला सूर मला अजिबात पटला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये जेंटूने एएमडी६४ आणि आर्म६४ या प्रोसेसर-प्रकारांसाठी पार लिबरऑफिस, केडीई प्लाझ्मा डेस्कटॉपपर्यंतची पॅकेजेस तयार द्यायला सुरुवात केली, पण सक्ती कुणावरच नाही. तुमचे यूज फ्लॅग (प्रोग्राममध्ये कोणत्या सोयी हव्यात ते ठरवणाऱ्या सेटिंग्ज) जुळले नाहीत तर पोर्टेज, म्हणजे जेंटूचं पॅकेज बसवणारं साधन, ती बायनरी बाजूला ठेवून सोर्सवरूनच कंपाइल करतं. निवड तुमचीच राहते की! कमी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर क्रोमियम ब्राउझर कंपाइल करायला घेतलं की रात्र सरते, काम सरत नाही. असंच मशीन हाताशी असलेल्या विद्यार्थ्यांनाही आता जेंटू शिकता येईल, याचा मला मनापासून आनंद आहे. फक्त पॅकेजवरच्या डिजिटल सहीची पडताळणी कॉन्फिगरेशनमध्ये सुरू आहे ना, तेवढं नक्की बघा.